थांबलेला हरकारा

गेल्या अंकांत “पुढील खेपेस जुन्या घरांतील पत्रव्यवहाराविषयीं लिहीन” असें मीं वाचकांस सांगितलें होतें. तो विषय आणखी एक महिना थांबेल. मध्यंतरीं एका जुन्या स्नेह्यांच्या घरीं दोन दिवस राहण्याचा योग आला आणि तेथें जें पाहिलें तें मनांतून जाईना. शिवाय आज जें त्यांच्या घरीं घडलें तें उद्यां आपणांपैकीं कोणाच्याहि घरीं घडण्यासारखें आहे, म्हणून आधीं तेंच सांगतों.

या स्नेह्यांचा एकुलता एक मुलगा आतां एकतीस वर्षांचा आहे. अभियांत्रिकीची पदवी, पाठोपाठ भरपूर पगाराची नोकरी, असें सारें रीतसर चाललें असतां चार वर्षांपूर्वीं त्यानें नोकरी सोडली आणि घराच्या माडीवर बसून संगणकावर खेळावयाचा एक गेम एकट्यानें रचावयास घेतला. ‘गेम’ हा शब्द ऐकतांच ज्यांच्या कपाळावर आठी उमटेल त्यांनीं क्षणभर दम धरावा. माझ्याहि कपाळावर ती उमटली होती. परंतु नाटक किंवा चित्रपट रचणें हा जसा एक धंदा आहे तसाच हा आहे, आणि त्यांत मोठमोठ्या कंपन्यांच्या बरोबरीनें एकटेदुकटे कारागीरहि आपला माल जगाच्या बाजारांत मांडीत असतात. फरक इतकाच कीं, एकट्याला नाटककार, नेपथ्यकार, गवई आणि पडदा ओढणारा, सारीं सोंगें स्वतःच घ्यावीं लागतात.

त्याच्या खेळाचा नायक आहे एक हरकारा. टपालाची थैली पाठीशीं मारून, घुंगुर बांधलेली काठी वाजवीत रात्रीचा घाट चढणारा जुन्या काळचा डाकवाला. खेळणारानें त्याला सात टप्पे पार करून कोंकणांतून देशावर न्यावयाचें. वाटेंत धुकें आहे, ओढे आहेत, श्वापदांची चाहूल आहे. अंधारांत डोळ्यांना फारसें दिसत नाहीं, तेव्हां सारी भिस्त कानांवर. कल्पना मला तरी मोठी गोड वाटली. सातांपैकीं तीन टप्पे पुरे होऊन चौथा अर्ध्यावर आला असतां वहिनी न्हाणीघरांत पाय घसरून पडल्या आणि त्यांच्या खुब्याचें हाड मोडलें.

शस्त्रक्रिया झाली, मग अंथरूण, मग पुन्हां चालावयास शिकणें. स्नेही स्वतः सत्तरीचे; त्यांच्यानें उठबस होण्यासारखी नव्हती. आठ महिने मुलानें सारें केलें. औषधें, स्वयंपाक, रात्रीचें उठणें; आणि एकदांहि कुरकुर केली नाहीं. आतां वहिनी काठी टेकीत घरभर हिंडतात, बसून पोळ्याहि लाटूं लागल्या आहेत. परंतु चिरंजीव कांहीं माडी चढत नाहींत.

“आठ महिन्यांचा खंड पडला, तो मी समजूं शकतों,” स्नेही मला म्हणाले, “पण तिला बरें वाटूं लागून तीन महिने झाले. आतां अडलें कोठें? काम जमत नसेल तर पुन्हां नोकरी धरावी. ना हें, ना तें! याला आळस म्हणूं नये तर काय म्हणावें?” त्यांचा राग निव्वळ राग नव्हता. निवृत्तिवेतन आणि ठेवींचें व्याज यांवर तिघांचें चाललें होतें आणि शस्त्रक्रियेनें त्या ठेवींना मोठें खिंडार पाडलें होतें. वहिनी त्या वेळीं कांहीं बोलल्या नाहींत. मागाहून स्वयंपाकघरांत मला एकट्याला पाहून मात्र म्हणाल्या, “भावजी, माझ्या दुखण्यानें त्याचें काम मोडलें. मी पडलें नसतें तर आज तें पुरें झालें असतें.” घरांत तीन माणसें, आणि तिघेंहि एकमेकांच्या काळजीनें मुकीं झालेलीं.

त्या सायंकाळीं मी मुलाला घेऊन माडीवर गेलों. टेबलावर धुळीचा थर होता. भिंतीवर घाटाचा एक हातानें काढलेला नकाशा, त्यावर तीन टप्प्यांपर्यंत तांबडी रेघ ओढलेली. तो बराच वेळ गप्प होता. मग एकदम बोलूं लागला.

“काका, मशीन मीं सुरू केलें नाहीं असें नाहीं. तीनदां केलें. पहिल्या वेळीं माझाच कोड मला परक्याचा वाटूं लागला. एके ठिकाणीं मीं टीप लिहून ठेवली होती, ‘हें नंतर नीट करणें’. काय नीट करावयाचें होतें तें कांहीं केल्या आठवेना. दुसऱ्या वेळीं पाहतों तों ज्या साधनावर गेम बांधला त्याची नवी आवृत्ति आलेली. ती घ्यावी तर जुनें कांहीं मोडतें, न घ्यावी तर मागें पडावें लागतें. तिसऱ्या वेळीं नुसता खेळून पाहिला, तर तो मला आवडेना. म्हणजे आवडला नाहीं असेंहि नाहीं. कांहींच वाटलें नाहीं. दिवाळीला गेम येईल असें मीं चार लोकांना सांगितलें होतें, ती दिवाळीहि गेली. आतां कोणी विचारूं नये म्हणून मी कोणाला भेटत नाहीं. पुन्हां इच्छा झाली कीं बसेन. तिची वाट पाहात आहें.”

आळसाचें वर्णन असें नसतें, इतकें मला तेव्हांच कळलें. अपुरी कादंबरी चाळतां येते, अपुऱ्या चित्राकडे पाहतां येतें; अपुरा गेम मात्र बहुधा धड चालतहि नाहीं. कारागीर जेथून उठून गेला नेमका तेथेंच तो कोसळतो, आणि परत आलेल्या कारागिराचें स्वागत त्या कोसळण्यानेंच होतें. त्यांतून वरिष्ठ नाहीं, सोबती नाहीं, ठरलेली तारीख नाहीं. कचेरींत मनुष्य इच्छेवांचूनहि जाऊन बसतो, कारण तेथें हजेरीपट असतो. या मुलाच्या हजेरीपटावर सही घेणारा कोणी नव्हता. परंतु त्याच्या बोलण्यांतलें शेवटचें वाक्य मला बोचलें. इच्छेची वाट पाहणें ही गोष्ट मला खरी वाटेना.

मला या विद्येंतलें कांहीं कळत नाहीं. मात्र रोजनिश्या वाचण्याचा जुना नाद आहे, आणि त्या नादापायीं एका गेमकर्त्याची रोजनिशी माझ्या वाचनांत आलेली होती. जॉर्डन मेकनर हें त्याचें नांव. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा त्याचा खेळ आमच्या पुष्कळ वाचकांनीं लहानपणीं खेळला असेल. तळघरांत कोंडलेल्या नायकानें एका तासाच्या आंत राजकन्येपर्यंत पोहोंचावयाचें, असा तो खेळ. तो रचीत असतां लिहिलेली रोजनिशी मेकनरनें २०११ सालीं प्रसिद्ध केली. शंका आणि चालढकल यांना तिच्यांत भरपूर जागा आहे, म्हणूनच ती वाचनीय झाली आहे. माडीवर बसून मीं त्या मुलाला जें सांगितलें तें थोडक्यांत असें.

येल विद्यापीठांत शिकत असतांनाच, १९८४ सालीं, मेकनरचा ‘कराटेका’ हा खेळ बाजारांत येऊन चांगला खपला होता. १९८५ सालीं पदवी घेऊन त्यानें दुसरा खेळ मनावर घेतला. धाकटा भाऊ डेव्हिड याला पांढऱ्या कपड्यांत एका मोटारतळावर धांवावयास आणि उड्या मारावयास लावलें, त्याचें चित्रण केलें, तें घरच्या पडद्यावर थांबवून थांबवून त्याचीं छायाचित्रें घेतलीं, आणि एकेका छायाचित्रावरून शरीराची आकृति गिरवून ती संगणकांत उतरविली. एका धांवेसाठीं, एका उडीसाठीं केवढा हा खटाटोप! पण त्यामुळें पडद्यावरचा तो इवलासा मनुष्य हाडामांसाच्या मनुष्यासारखा तोल सांवरीत धांवूं लागला. संगणकावरच्या खेळांत असें चालणें तोंवर क्वचितच कोणी पाहिलें होतें.

१९८६ सालीं तो कॅलिफोर्नियांत सॅन राफेल येथें ब्रॉडरबंड या प्रकाशकांच्या कचेरींत बसून काम करूं लागला. पण पगारी नोकर म्हणून नव्हे. खेळ पुरा होऊन खपला तर स्वामित्वधन मिळावयाचें. आणि त्याच्या मनांत ओढ होती ती निराळीच, चित्रपटाची. त्यानें एक पटकथा लिहिली, ती हॉलिवूडकडे गेली, आशा वाढल्या. आणि १९८७ सालीं कित्येक महिने राजपुत्राचें काम जागच्या जागीं पडून राहिलें. त्या पटकथेचा चित्रपट कांहीं झाला नाहीं. मेकनर परत येऊन बसला तेव्हां त्याच्यापुढें जो खेळ होता त्यांत नायक सुरेख धांवत होता, सुरेख उडी मारीत होता, परंतु त्याच्याशीं झुंजावयास कोणी नव्हतें. शिवाय ज्या ॲपल टू संगणकासाठीं तो लिहीत होता तोहि एव्हांना म्हातारा झाला होता.

कचेरींतली त्याची एक सहकारी, टॉमी पियर्स, त्याच्या मागें लागली होती कीं, खेळांत झुंज पाहिजे. त्याचें म्हणणें, यंत्राच्या स्मृतींत दुसऱ्या पात्राच्या चित्रांना जागाच उरलेली नाहीं. नायकाच्या चालण्याधांवण्यानेंच ती सारी खाल्ली आहे. आणि हें खरें होतें. तेव्हां नवें चित्र न घालतां नायकाच्याच आकृतींतून दुसरा मनुष्य काढण्याची युक्ति निघाली. तीच आकृति किंचित् सरकवून मूळ आकृतीशीं गणितानें ताडली कीं एक चमचमती छाया उरे. ही छाया खेळांत नायकाची वैरीण झाली. नायक आरशांतून उडी घेतो तेव्हां ती त्याच्यापासून सुटते, पुढें त्याच्या वाटेंत येते, आणि शेवटीं तलवार घेऊन समोर ठाकते. तिच्यावर घातलेला प्रत्येक घाव नायकालाच लागतो. तलवार म्यान केली तरच दोघें एक होतात. ज्यांनीं हा खेळ खेळला आहे त्यांना दुसरें कांहीं आठवो न आठवो, हा प्रसंग आठवतो.

मग पहारेकऱ्यांनाहि कशीबशी जागा काढण्यांत आली. त्यांच्या तलवारबाजीसाठीं ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’ या १९३८ सालच्या चित्रपटांतील एरल फ्लिन आणि बॅझिल रॅथबोन यांच्या द्वंद्वांतले मोजके क्षण कामीं आले, कारण त्या क्षणांत दोघेहि बाजूनें स्वच्छ दिसतात. चित्रपटाच्या नादानें खेळ टाकून गेलेल्या मनुष्याला चित्रपटानेंच असा हात दिला!

छाया, पहारेकरी, तलवारी, म्हणजे लोक आज ज्यासाठीं हा खेळ आठवतात त्यांतलें बहुतेक खंडानंतरचें आहे. आधींच्या पानांत नायक आहे. रंग मात्र मागाहून भरला. आणि उत्साहाच्या खऱ्या खुणा मला दिसल्या त्याहि परत बसल्यानंतरच्या पानांतच. अमुक एका सकाळीं मन भरून आलें आणि मग तो कामाला लागला, असा क्रम मला तरी आढळला नाहीं. काम हातांत होतें, तें अडलें, अडलेलें सोडवितांना युक्ति सुचली, आणि युक्ति सुचल्यावर झोंप उडाली, असा तो क्रम होता.

१९८९ सालीं खेळ बाहेर आला आणि आरंभीं फारसा खपला नाहीं. इतर संगणकांवर आणि इतर देशांत गेल्यावर त्याचें नांव झालें. २०१० सालीं हॉलिवूडनें त्यावर चित्रपट काढला. त्याच्या कथेचें श्रेय मेकनरलाच आहे. वडील वाचकांसाठीं एक गोष्ट सांगावीशी वाटते. या खेळाचें संगीत मेकनरच्या वडिलांनीं रचलेलें आहे. आणि मूळ कोड हरवला असें समजून मुलानें आशा सोडली असतां, २०१२ सालीं घरांतल्या एका खोक्यांत त्याच्या जुन्या तबकड्या सांपडल्या त्याहि वडिलांनाच.

मुलानें सारें ऐकून घेतलें. मग म्हणाला, “काका, जे परतले त्यांच्याच रोजनिश्या छापल्या जातात.”

हें म्हणणें खोटें नाहीं. माँट्रियलच्या फिल फिशनें पांच वर्षें खपून २०१२ सालीं ‘फेझ’ हा गेम काढला, तो गाजला; पुढच्याच वर्षीं त्याच्या दुसऱ्या भागाची घोषणा करून दोन महिन्यांच्या आंत त्यानें ती मागें घेतली. त्याबद्दल त्याला कमी लेखण्याचें कारण मला दिसत नाहीं. उलट सिअॅटलच्या एरिक बरोन याची कथा सर्वांना पाठ असते : २०११ सालीं पदवी, नोकरी मिळेना, म्हणून हात बसावा यासाठीं एक लहानसा शेतीचा गेम घेतला, तो चार वर्षांवर लांबला, संध्याकाळीं नाट्यगृहांत प्रेक्षकांस जागा दाखविण्याचें काम करून तो दिवसा हा गेम लिही. मध्यें तो इतका विटला कीं कांहीं आठवडे त्यानें फोनवरचा दुसराच एक गेम करण्यांत घालविले, आणि मग पुन्हां आपल्या शेताकडे वळला. २०१६ च्या फेब्रुवारींत ‘स्टारड्यू व्हॅली’ प्रसिद्ध झाला. २०२४ अखेर त्याच्या चार कोटींवर प्रती गेल्या होत्या. असले आंकडे मीं या लेखांत घालावे कीं नाहीं याचा मला संशयच होता, कारण ते वाचून एकाद्या घरीं नोकरीचा राजीनामा लिहिला जाईल आणि दुसऱ्या घरीं मुलाला टोमणा मारला जाईल. बरोनच्या गोष्टींतून घेण्यासारखें जें आहे तें चार कोटींत नसून त्या वायां गेलेल्या आठवड्यांत आहे.

रात्रीं जेवतांना स्नेह्यांनीं विचारलें, “आपल्याकडे कोणी असें कांहीं तडीस नेलें आहे कां?” त्याचें उत्तर मुलानेंच दिलें, आणि त्या घरांत कित्येक दिवसांनीं तो जेवणाच्या पानावर पुरें वाक्य बोलला असावा. पुण्यांतल्याच नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या मंडळीनें ‘राजी’ नांवाचा गेम घेतला होता. २०१७ सालीं त्यांनीं लोकांकडून आगाऊ वर्गणी मागितली, ती ठरल्याइतकी जमली नाहीं. तरी २०२० सालीं गेम बाहेर आला आणि त्या वर्षींच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्यें पदार्पणाच्या पारितोषिकासाठीं त्याचें नामनिर्देशन झालें. स्नेही ऐकत होते. “मग त्या तीन वर्षांत ते खात काय होते?” त्यांनीं विचारलें. प्रश्न रास्त होता आणि तो खोंचक स्वरांत आला नव्हता.

त्या प्रश्नावरूनच पुढचें ठरलें. आठवड्यांतून तीन दिवस मुलानें बाहेरचें मोबदल्याचें काम घ्यावें, उरलेले दिवस माडीचे. ही व्यवस्था पाडव्यापर्यंत. पाडव्यास पुन्हां बसून हिशेब पाहावा, आणि तोंवर ‘कधीं संपणार?’ हा प्रश्न त्या घरांत कोणीं काढूं नये. हें शेवटचें कलम वहिनींचें. स्नेह्यांनीं तें जरा नाखुषीनेंच मानलें. “मग विचारूं तरी काय?” असें ते म्हणाले, त्यावर वहिनी म्हणाल्या, “दाखव म्हणावें.”

दुसऱ्या दिवशीं सकाळीं माडीवरून यंत्राचा आवाज आला. इच्छा झाली होती कां, हें मीं विचारलें नाहीं. त्यानें नवी ओळ एकहि लिहिली नाहीं, नव्या आवृत्तीच्या नादीं लागला नाहीं, ‘नंतर नीट करणें’ ही टीप तशीच राहूं दिली. परक्याचा गेम असावा तसा पहिल्या टप्प्यापासून खेळत गेला, आणि जेथें टोचलें तेथें वहींत एक ओळ. दुपारपर्यंत बावीस ओळी झाल्या. त्यांतली सर्वांत क्षुल्लक त्यानें उचलली : हरकाऱ्याच्या काठीचा जमिनीवर पडणारा टेका कोठूनसा तयार आणलेला होता, तो पोकळ वाटतो.

वहिनी त्या वेळीं जिन्याच्या खालच्या पायरीवर बसल्या होत्या. “माझी ही काठी चालेल कां रे?” त्यांनीं विचारलें.

काठीच्या टोकाचें रबर काढण्यांत आलें. स्नेही “अग, घसरशील, घसरशील” करीत दंड धरून बरोबर चालले. ओसरीच्या शहाबादी फरशीवर, मग अंगणांतल्या दगडांवर, मग ओल्या मातींत, वहिनी सावकाश चालत गेल्या आणि मुलगा पुढें ध्वनिमुद्रक धरून पाठमोरा सरकत गेला. शेजारच्या बाईंनीं खिडकींतून पाहून काय समजूत करून घेतली असेल देव जाणे. एकदां स्नेही मध्येंच खोकले, तेव्हां सारें पुन्हां करावें लागलें.

संध्याकाळीं तोच टेका हरकाऱ्याच्या हातीं दिलेला होता. पहिला टप्पा वहिनींनीं स्वतः खेळण्याचा हट्ट धरला. चष्मा सांवरीत त्या चार वेळां दरींत पडल्या. चौथ्या वेळीं वैतागून म्हणाल्या, “अरे, वाट येथें डावीकडे वळते हें मीं ओळखावें तरी कशावरून? काठी दोन्हींकडे सारखीच वाजते!” मुलगा त्यांच्या खुर्चीमागें उभा होता. त्यानें कांहीं उत्तर दिलें नाहीं; वही ओढून घेऊन तेविसावी ओळ लिहिली, आणि मग तेथेंच जमिनीवर मांडी घालून तींत आणखी कांहीं खरडूं लागला. दिवे लागले तरी तो उठला नाहीं.

मी निघालों तेव्हां चौथा टप्पा होता तेथेंच होता. त्यांत एक ओढा लागतो, आणि चढलेल्या ओढ्याचा खरा आवाज घेण्यासाठीं पहिल्या मोठ्या पावसांत तो ताम्हिणी घाटांत जाणार आहे. वहिनी दशम्या करून देणार आहेत. स्नेह्यांनीं छत्री कोणती न्यावी यावर वाद सुरू केला होता, तो मी रिक्षांत बसेपर्यंत मिटला नव्हता.